डाव्या पायावरचे तीन किलो

माणसाच्या मानेत सगळ्यात वर, कवटीच्या अगदी खाली, कड्यासारखं एक हाड असतं आणि ते जागेवरून केसभर सरकलं तर त्याखालच्या सगळ्या माणसाचा तोल बिघडतो, असं मानेवाल्यांचं म्हणणं होतं. मानेवाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्या दारावरच्या पाटीवर नावापुढे एवढी लांबलचक पदवी होती की ती शेवटपर्यंत वाचायला मान वळवावी लागे, आणि तिथे येणाऱ्या निम्म्या लोकांना नेमकं तेच जमत नसे. म्हणून सगळे त्यांना मानेवाले म्हणत.

लेक बाबांना घेऊन त्यांच्याकडे आली ती मोठ्या इस्पितळाच्या सगळ्या तपासण्या उरकून. आई गेल्यापासून बाबांचं डोकं हळूहळू डावीकडे कलत गेलं होतं. दुखायचंही. एके दिवशी जिन्यात गरगरलं म्हणून ते पायरीवर टेकले, आणि वरच्या काकू दळण घेऊन येईपर्यंत तिथेच बसून राहिले. काकूंनी लेकीला फोन केला. लेक दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात ग्रंथपाल. ती रजा टाकून, एक बॅग घेऊन आली. इस्पितळाने "घाबरण्यासारखं काही नाही" असं सांगून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप लागली आणि बाबा तिरक्या मानेने झोपले. मग मानेवाले.

आल्या दिवशीच बाप-लेकीत करार झाला होता. मान सरळ होईपर्यंत ती राहील. सरळ झाली की ती आपल्या कामावर आणि बाबा आपल्या घरात एकटे, पूर्वीसारखे. पूर्वी ते एकटे नव्हते, ही गोष्ट दोघांनीही करारात घेतली नाही.

बाबा वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. सगळं आयुष्य बाजारातले काटे तपासण्यात गेलं. लोक त्यांना अजूनही साहेब म्हणत आणि ते भाजी घ्यायला गेले की भाजीवाला आधी तराजू पुसायला घेई. सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातला काटा त्यांनी एकदा जप्त केला होता. मेहुणा पुढची कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. आई म्हणायची, ह्यांच्यासमोर डब्यातली साखरसुद्धा ताठ बसते.

त्यामुळे मानेवाल्यांची पद्धत पाहून लेकीला आनंदच झाला. तिथे दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवलेले होते. रोग्याने एक पाय एकावर, दुसरा दुसऱ्यावर ठेवून समोर बघत उभं राहायचं. मान वाकडी असली तर वजन एका पायावर जास्त पडतं. पहिल्या दिवशी बाबांच्या डाव्या पायावर सहा किलो जास्त निघाले. मग मानेवाल्यांनी त्यांना कुशीवर झोपवलं, क्ष-किरणाच्या चित्रावर पट्टी लावून कसलेसे कोन मोजले आणि कानामागे, माशी हाकलावी इतक्या हलक्या हाताने, काहीतरी केलं.

"झालं?" लेकीने विचारलं.

"झालं."

"हाड वाजलं नाही."

"वाजायला ते काय दार आहे?" मानेवाले म्हणाले, आणि बाबांना अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगून पुढच्या रोग्याकडे वळले.

सहाचे पाच झाले, पाचाचे तीन. बाबांचं डोकं दुखायचं थांबलं. ते जिना एकटे उतरू लागले. लेकीने मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. आणि तिथे गाडी थांबली. पुढच्या आठवड्यात तीन. त्याच्या पुढच्या आठवड्यात तीन. त्याच्याही पुढच्या आठवड्यात तीन.

"होतं असं," मानेवाले म्हणाले. "प्रगती मधेच थांबते. शरीराला सरळ राहायची सवय व्हायला वेळ लागतो. पण मला एक कळत नाही. ह्यांना पाठीवर झोपवलं की दोन्ही पाय सारखे, मान सरळ. उभे केले की डाव्या पायावर तीन किलो. घरी काहीतरी होतंय. उशी बघा, खुर्ची बघा, टीव्ही कुठे आहे ते बघा. अजून दोन-तीन खेपांत फरक पडला नाही तर मी तुम्हाला परत इस्पितळात पाठवीन. उगाच माझ्या दारात फेऱ्या मारायला लावणार नाही."

बाबा कोट घालत होते. "बघू की," ते म्हणाले. "घाई काय आहे?"

घाई होती. ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी दोन आठवड्यांवर येऊन ठेपली होती. प्राचार्यबाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "मोजणीला तुम्ही नसाल तर मला ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. वाईट वाटतं मला, पण पुस्तकं काही तुमच्या वडिलांची मान सरळ व्हायची वाट बघत नाहीत." ही जागा मिळवायला लेकीची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. ती गेली तर पुन्हा मिळायची नव्हती. आणि बापाला तिरक्या मानेने जिन्यावर सोडून जायचं, हेही तिच्याने होणार नव्हतं.

तेव्हा तिने घर तपासायला घेतलं. इमारतीत बातमी पोचायला वेळ लागला नाही.

वरच्या काकू म्हणाल्या, उशीच काढून टाका; त्यांच्या दिरांनी उशी टाकली तेव्हापासून ते बाणासारखे सरळ आहेत. समोरचे वकील म्हणाले, दिरांचं सोडा, ते मुळातच सरळ होते. मान वाकडी असेल तर उशा दोन हव्यात. काकू आणि वकील यांचं पार्किंगवरून आधीच वाजलेलं होतं, त्यामुळे उशी हा निव्वळ वैद्यकीय प्रश्न उरला नाही. बाबांनी पहिली रात्र उशीशिवाय काढली, दुसरी दोन उशांवर, आणि दोघांनाही "बरं वाटतंय" असं सांगितलं. लेकीला हे जरा विचित्र वाटलं. दोन सल्ल्यांना एकाच वेळी मान डोलावणारे बाबा तिने कधी पाहिले नव्हते.

मग वकिलांनी पलंगाची दिशा चुकीची ठरवली. पलंग फिरवायला वकील, त्यांचा मेहुणा आणि इमारतीचा पहारेकरी असे तिघे आले. पलंग फिरला, पण फिरल्यावर त्याचा पायथा लेकीच्या कपड्यांच्या कपाटाला असा जाऊन बसला की कपाटाचं दार उघडेना. पलंग परत सरकवायला गेले तर त्याचा एक पाय निखळला. सुताराने उद्या येतो म्हणून सांगितलं आणि सुतार लोकांच्या उद्याप्रमाणे तो परवा आला. मधल्या काळात उघडत होतं ते फक्त आईचं कपाट. मानेवाल्यांची वेळ ठरलेली होती. लेकीने आईचा स्वेटर घातला.

बाबा दाराशी चपला घालत होते. त्यांनी वर पाहिलं आणि जरा वेळ पाहतच राहिले.

"बाह्या लांब होतात तुला," ते म्हणाले, आणि जिना उतरू लागले.

त्या दिवशीही तीन.

मग काकूंनी उजव्या चपलेत पुठ्ठा घालायचा तोडगा काढला. उजवी बाजू उचलली की वजन आपोआप वाटलं जाईल, असा त्यांचा हिशेब. बाबा पुठ्ठा घालून खाली फेरी मारायला गेले आणि लंगडत परत आले. लंगडताना त्यांना तळमजल्यावरच्या दोघांनी पाहिलं, त्यांनी आणखी चौघांना सांगितलं, आणि संध्याकाळी साहेबांची एक बाजू गेली असं समजून आठ-दहा माणसं भेटायला आली. हळू आवाजात बोलली. एका आजोबांनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवून "धीर धर" म्हटलं. बाबा त्या वेळी स्वयंपाकघरात एका पायावर उभे राहून वरच्या फळीवरचा डबा काढत होते. त्यांना तसं पाहून आजोबा जरा नाराज झाले.

लेकीने हात टेकले. उशी झाली, पलंग झाला, चप्पल झाली, टीव्ही तर आता जवळजवळ छताला टेकला होता. आणि रात्री भांडी विसळताना तिला एकदम सुचलं. झोपल्यावर सगळं सरळ, उभं राहिल्यावर तीन किलो. मग बाबांमध्ये खोट नाहीच. खोट काट्यात आहे! वजनमापे निरीक्षकाच्या मुलीला हे सुचायला इतके दिवस लागावेत, याची तिला लाज वाटली.

"बाबा, त्या काट्यांवर खात्याचा शिक्का होता?"

बाबा बातम्या बघत होते. "कुठल्या काट्यांवर?"

"मानेवाल्यांच्या. मी आत्ता आठवून पाहिलं, मला कुठे दिसला नाही. तुम्ही पाहिलात?"

"मी कशाला बघू? मी निवृत्त आहे."

"म्हणजे काय? तुम्ही लग्नाच्या पंगतीत काटा दिसला तरी उलटा करून बघता!"

"असेल गं शिक्का. नसला तरी काय, दवाखाना आहे, वाण्याचं दुकान नाही. जाऊ दे ना. कुणाच्या पोटावर पाय कशाला आणायचा?"

सख्ख्या मेहुण्याच्या पोटावर जो पाय बिनदिक्कत पडला होता, तो मानेवाल्यांसाठी इतका हळवा झालेला पाहून तिचं मन गलबललं. आई गेल्यावर माणूस किती खचलाय, असं तिच्या मनात आलं. आता त्यांची लढाई आपणच लढायची.

दुसऱ्या दिवशी ती खात्याच्या कचेरीत हजर झाली. खिडकीतल्या कारकुनाने कागद पुढे ओढला.

"काय माल घेतलात?"

"माल नाही घेतला. वजन केलं."

"कशाचं?"

"वडिलांचं."

कारकुनाने मान वर केली. "विकत घेतलेत?"

"अहो, वडील आहेत माझे."

"ते कळलं. पण इथे मालाचं वर्णन लिहावं लागतं. बरं, वडील लिहितो. नुकसान किती?"

"तीन किलो."

"कमी भरले की जास्त?"

"डावीकडे जास्त, उजवीकडे कमी."

कारकुनाने जरा विचार केला आणि पेनचं टोपण लावलं. "म्हणजे एकूण बरोबर भरले. मग तक्रार कुठे राहिली, मॅडम?"

त्याने तिला आरोग्य खात्याकडे पाठवलं. आरोग्य खातं म्हणालं, रोगी आमचा, काटा त्यांचा. ती परत आली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. सुट्टी संपली तेव्हा साहेब बैठकीला गेले होते. बाबांची ओळख सांगायची नाही, असं तिने घरून निघताना ठरवलं होतं. बाबांना ते आवडलं नसतं. पण बाकावर बसून बसून तिच्या निश्चयाला मुंग्या आल्या. तिने ओळख सांगितली.

कचेरीत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. आतून एक तरुण निरीक्षक जवळजवळ धावत आला. बाबांच्या हाताखाली तयार झालेला तो शेवटचा माणूस.

"सरांच्या पायाखाली बिनशिक्क्याचा काटा?" तो म्हणाला. "ताई, तुम्ही घरी जा. मी बघतो."

त्याने बघितलं ते असं. त्याच दुपारी जाऊन त्याने दोन्ही काट्यांवर पट्टी चिकटवली आणि पडताळणी होईपर्यंत वापर बंद करवला. मानेवाल्यांच्या बाहेरच्या खोलीत एकच गोंधळ उडाला. एका बाईंची प्रगती ऐन रंगात आली होती, ती आता कशावर मोजणार? एक निवृत्त शिक्षक म्हणाले, मला आज नक्की शून्य येणार होतं, याची भरपाई कोण देईल? मानेवाल्यांनी लेकीला फोन करून फक्त एवढंच म्हटलं, "मी लोकांच्या माना सरळ करतो हो. आज पहिल्यांदा माझी खाली गेली."

घरी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला चमचा ताटात पडला.

"कोण येणार आहे पडताळणीला?"

तिने सांगितलं. बाबांनी चमचा उचलून ताटाच्या कडेला ठेवला.

"हुशार पोरगा आहे," मग म्हणाले. पण कौतुकाचा सूर काही लागला नाही.

शुक्रवारी बाप-लेक मानेवाल्यांकडे बसले असताना निरीक्षक लोखंडी वजनांची पेटी घेऊन आला. बाबांना पाहताच पेटी खाली ठेवून ताठ उभा राहिला. मानेवाले हाताची घडी घालून कोपऱ्यात उभे होते. निरीक्षकाने एकेक वजन चढवलं, उतरवलं, काटे अदलून बदलून पुन्हा चढवलं. लेक प्रत्येक आकड्याला पुढे वाकून बघत होती. दोन्ही काटे बरोबर निघाले. एकदा नाही, दर वेळी.

मानेवाल्यांनी घडी सोडली. लेकीला जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

"सर," निरीक्षक म्हणाला, "एकदा तुम्ही उभे राहता का? प्रत्यक्ष वापरात कसं चालतं तेही बघून घेतो."

"कशाला? झालं की तुझं काम."

"नियम आहे, सर."

बाबा उभे राहिले. डाव्या पायावर तीन किलो. निरीक्षकाने आकड्याकडे पाहिलंच नाही. तो गुडघे मोडून खाली बसला, आणि बसल्या बसल्या, जुनी गंमत सांगावी तसा बोलला, "सर, आठवतं? पहिल्या दिवशी तुम्ही मला बाजारात नेलं होतं. मी डोळे फाडून काट्याकडे बघत होतो. तुम्ही माझ्या डोक्यात टपली मारलीत. म्हणालात, अरे शहाण्या, दुकानदाराच्या कोपराकडे बघ."

"आठवतं," बाबा म्हणाले.

तो जिथे बघत होता तिथे लेकीनेही पाहिलं. बाबांच्या डाव्या पायाची बोटं काट्यावर रोवलेली होती, रोवून रोवून मोज्याला चुण्या पडल्या होत्या. उजव्या पायाची टाच, विजारीच्या काठाआड, किंचित उचललेली होती. फार नाही. खालून एखादं पुस्तकाचं पान सरकवता आलं असतं इतकीच.

निरीक्षक उठला. त्याने वजनं एकेक करून पेटीत लावली, काट्यांवर शिक्के मारले आणि मानेवाल्यांना म्हणाला, "यंत्रं बिनचूक आहेत. त्रासाबद्दल माफ करा."

लेक त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेली. त्याने काहीतरी सांगावं असं तिला वाटत होतं, आणि सांगू नये असंही.

"माझं काम यंत्रापुरतं होतं, ताई," तो म्हणाला, आणि पेटी सांभाळत खाली उतरला.

घरी जाताना बाबा तिच्या दोन पावलं पुढे चालले होते. डोकं सरळ. रस्ता ओलांडताना त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे वळून ती येतेय ना तेही पाहिलं. लेकीच्या डोक्यात भाषण तयार होत होतं. उशा, पलंग, पुठ्ठा, खिडकीतला कारकून, मानेवाल्यांची खाली गेलेली मान, तिची नोकरी. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांची कोपरं पकडली त्याने...! भाषण चांगलं जमलं होतं. घरी पोचल्यावर बाबांनी चहा ठेवला. तीन कप काढले. मग एक परत फळीवर ठेवला. तिचं भाषण तिथेच राहिलं.

"मोजणी सोमवारी ना तुमची?" बाबांनी चहा गाळता गाळता विचारलं.

"हो."

"तुझ्याशिवाय अडेल."

"अडेल."

"हं," बाबा म्हणाले, आणि चहात साखर घालायला विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच कोट चढवला. "चल. मानेवाल्यांकडे जाऊन येऊ."

"आज वेळ घेतलेली नाही, बाबा."

"देतील ते."

मानेवाल्यांनी वेळ दिली, जरा गार चेहऱ्याने. बाबा काट्यांपाशी गेले. चपला काढल्या, मोजेही काढले. विजार दोन्ही हातांनी घोट्याच्या वर ओढून धरली, बाजारात दुकानदाराला बाह्या वर करायला सांगत तशी. आणि उभे राहिले. दोन्ही तळवे सपाट, बोटं मोकळी.

आकडे थरथरले आणि थांबले. दोन्हीकडे सारखे.

"अरे वा!" मानेवाले सगळा राग विसरले. "शून्य! सुटलात, साहेब. ताई, जा आता निर्धास्त. मान जागेवर बसली."

बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. लेकीने गेले कित्येक आठवडे ज्या आकड्याची वाट पाहिली तो तिच्यासमोर होता. आईच्या वेळी निरोप घ्यायला जमलं नव्हतं तिला. गाडी उशिरा पोचली होती. ती आकड्याकडे बघत राहिली. बाबा काट्यावरून उतरेनात.

"बाबा," ती म्हणाली. "खात्यात एकदाच मोजून शिक्का मारता का हो तुम्ही?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"छे," ते म्हणाले. "एका मापावर शिक्का कसा मारतील? पुन्हा मोजावं लागतं."

"मी उद्या जाते. सोमवारपासून मोजणी. शनिवारी सकाळच्या गाडीने येते, मग मोजू."

"शनिवारी चालेल."

"त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा."

"नियम तसाच आहे," बाबा म्हणाले. "मोडून चालणार नाही."

मानेवाले एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. "अहो, पण दर आठवड्याला गरज काय? आता सगळं ठीक आहे. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा आलात तरी पुष्कळ."

बाबा काट्यावरून खाली उतरले. एकेक मोजा नीट ओढून घातला, कोटाचं बटण लावलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुम्ही मानेचं बघा. वजनमापातलं आम्हाला कळतं."